डाव्या अंगठ्याखालचा दोरा

चिंचखेड, ६ ऑगस्ट

चि. रंगराव यास,

अक्षर तुझ्या ओळखीचं नाही, म्हणून आधी नाव सांगतो. मी भागवत, तुझा दादा. पत्र फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

लोणारच्या आत्याचा नातू उजनीच्या काठावर तुला भेटून आला. तू लोकांना होडीतून नेतोस आणि काठीनं मासे धरायला शिकवतोस, असं तो म्हणाला. त्यानं नंबर दिला. मी फोन लावला, "रंगा" एवढंच म्हणालो आणि तू ठेवून दिलास. मी रागावलो नाही. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

एकच विचारायचं आहे. बेटकास्टिंग रील, म्हणजे गळाच्या काठीवर बसते ती दोऱ्याची फिरकी, घ्यायचं तर कोणतं घ्यावं?

हसू नकोस. माळ अजून गळ्यात आहे आणि मासा मी अजून हातातही धरलेला नाही. खामगावात जाळी-दोरखंडाचं एक दुकान आहे, तिथं गेलो होतो. दुकानदारानं विचारलं, "कोणता मासा?" मी म्हणालो, मासा नाही. त्यानं माझ्या माळेकडे पाहिलं आणि म्हणाला, "मंग काका, पतंग उडवता का याच्यानं?"

तरी त्यानं समजावून सांगितलं. एक रील काठीच्या खाली लटकतं. ते सोपं, पोरंसोरंही वापरतात. दुसरं काठीच्या वर बसतं, त्याची फिरकी आडवी असते. जड शिसं आणि जाड दोरा लांब टाकायचा, नेमका हव्या तिथं टाकायचा आणि मग वजन ओढायचं, तर हे दुसरं, असं त्याचं म्हणणं. पण शिसं सुटलं की ही फिरकी आपसूक गरगरते आणि तिला आवरायचं काम अंगठ्याचं असतं. अंगठा उचलला की शिसं नेईल त्याहून जास्त दोरा ती सोडते आणि सगळ्याचा गुंता होतो. दुकानात एकच होतं, डाव्या बाजूला मूठ असलेलं. काठी उजव्या हातात, उजवा अंगठा फिरकीवर, डाव्या हातानं फिरवायचं. तो म्हणाला, "धरून पाहा ना." माझा उजवा हात उपरण्याखाली होता. पुन्हा येतो म्हणालो आणि एस.टी. पकडली.

कशासाठी ते सांगणार नव्हतो. पण अर्धवट सांगून सल्ला मागणं बरं नाही.

तू होतास तेव्हा धरण नव्हतं. आता पाणी चढलं की आपल्या गावातून पलीकडच्या वस्तीवर जायचा रस्ता बुडतो आणि संक्रांतीपर्यंत बुडालेलाच राहतो. लोक तराफ्यानं जातात. निळ्या ड्रमांवर फळ्या ठोकल्यात. या काठावरच्या बाभळीपासून त्या काठापर्यंत जाड नाडा ताणलाय, तो हातांनी ओढत पलीकडे पोहोचायचं. तुझी वहिनी कोकिळा वस्तीवरच्या अंगणवाडीत सेविका आहे. रोज सकाळी जाते, दुपारी येते. उतरत्या अंगाला सांडवा आहे. धरण भरलं की पाणी तिथून खाली कोसळतं, त्याचा आवाज घरात बसून ऐकू येतो.

मागच्या वर्षी आपल्या गावातले नारायणराव तराफ्यावरून घसरले. मी काठावर होतो. हाताशी दोर होता, तो मी फेकला. वारा समोरून होता, दोर ओला होता, तो अर्ध्यात पडला. पुन्हा ओढून घेतला, पुन्हा फेकला. नारायणराव ओरडत नव्हते. माझ्याकडे पाहत पाहत सांडव्याकडे गेले. मला पोहता येत नाही हे तुला ठाऊक आहे.

तेव्हापासून कोकिळा तराफ्यावर पाय ठेवते आणि मी काठावरून हलत नाही. पलीकडे पोहोचली की ती छत्री उंच करून दाखवते. छत्री दिसेपर्यंत मी देवाचं नावसुद्धा घेऊ शकत नाही. घ्यायला जातो आणि तोंडातून नारायणरावांचंच नाव येतं.

फोनमध्ये एकाला पाहिलं. त्यानं रीलवरून शिसं एवढं लांब टाकलं, तेही पाण्यात तरंगणाऱ्या टोपलीत. तेव्हा सुचलं, की आधी बारीक दोरा पोहोचवावा, मग त्याच्या मागून नाडा.

कोणतं घेऊ, एवढंच कळव.

दादा


चिंचखेड, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

चि. रंगराव,

पार्सल पिंपळगाव राजाहून पोस्टमन घेऊन आला. आत काठी, रील, विणलेल्या दोऱ्याचं बंडल, शिशाचे लंबगोल तुकडे. चिठ्ठी शोधली, कागदाचे चुरगळे उलगडून पाहिले. नव्हती.

मग रील हातात घेतलं. मूठ उजव्या बाजूला.

म्हणजे काठी डाव्या हातात, डावा अंगठा फिरकीवर. रंगा, मी पत्रात उजव्या हाताचं एक अक्षर लिहिलं नव्हतं. मुद्दाम लिहिलं नव्हतं. तरी तू उजव्या मुठीचं पाठवलंस. मी ते मांडीवर घेऊन बराच वेळ ओसरीवर बसून होतो. कोकिळा आली, बघून म्हणाली, "भाऊजी इसरले नाहीत तं." आणि चुलीकडे गेली.

आता तो विषय निघालाच आहे तर एकदा लिहून टाकतो. तेव्हा विजेची लाईन गेलेली होती. कडबा कुट्टीच्या यंत्रात पेंढी अडकली, मी हात घालून ती काढत होतो. बटण चालूच राहिलं होतं. तू दाबलं होतंस, पण लाईन जाण्याच्या आधी, आपण दोघं काम करत असताना. मीही बघितलं नाही. लाईन आली, यंत्र फिरलं, अंगठा गेला. आली त्यात तुझं काय? बाबांनी तुला जे सुनावलं ते बापाच्या भीतीनं सुनावलं. भ्यालेला माणूस ओरडतो, हे मला आता कळतं. मी तेव्हा दवाखान्यात होतो. घरी आलो तर तू गेलेला. बाबा गेले तेव्हा निरोप पाठवला होता, तो पोहोचला की नाही कोण जाणे.

या हातानं सगळं निभावलं. लिहायला डावा शिकवला, वखरही धरतो. एक जपाची माळ तेवढी अडली. उजव्या हाताला मणी ओढायला अंगठाच नाही. सप्त्यात आलेल्या बुवांनी सगळ्यांसमोर सांगितलं, डाव्या हातानं केलेला जप रुजू होत नाही. मी मान हलवली आणि घरी येऊन डाव्यानंच केला. आजही करतो. रुजू होतो की नाही, ते तो बघून घेईल.

आता तुझ्या रीलचं. पहिल्याच दिवशी चूक केली. फिरकीवर दोरा भरला तो आपल्या हिशेबानं, पायलीला शीग लावतात तसा, वर चढवून. कोणाला धान्य मोजून देताना माप आखूड भरू नये, आईनं हेच शिकवलं ना? शिसं फेकलं, दोरा कडांवरून उतू गेला आणि फिरकीच्या आत, बाहेर, मुठीभोवती असा गुंता झाला की सोडवायला आख्खी दुपार गेली. मग फोनमध्ये पाहिलं. फिरकी काठाखाली थोडी रिकामी ठेवायची असते. मला ते पटायला वेळ लागला. काही मापं आखूडच भरावी लागतात.

बाजूची छोटी चकती कमी-जास्त करून पाहिली. बटण दाबलं की शिसं विहिरीत पोहरा सोडावा तसं हळू खाली आलं पाहिजे, आणि जमिनीला टेकलं की फिरकी थांबली पाहिजे. हे जमलं. पडीक वावरात परात ठेवतो आणि तिच्यात शिसं टाकतो. बांधावर बघणारे बसतात. चांगुणाबाई, ती वस्तीवरची, परवा म्हणाली, "भागवतबापू, वावरात कोणते मासे लागले हो? का हरभऱ्याले गळ टाकून राह्यले?" गळ मी लावलेलाच नाही, फक्त शिसं असतं, असं सांगितलं. तर म्हणते, "मंग तं मासेही हसतीन."

परातीत अजून एकदाही पडलेलं नाही. पाणी देवळाच्या खालच्या पायरीला लागलं आहे.

दादा


चिंचखेड, १८ सप्टेंबर

चि. रंगराव,

तुझं कार्ड आलं. वर नाव नाही, खाली सही नाही. मध्ये एकच ओळ: 'गुंता झाला तर ओढू नको. अंगठा दाबून धर, मूठ थोडी फिरव, मग सोड.'

ते कार्ड मी देव्हाऱ्यात ठेवलं आहे. करून पाहिलं. कसा सुटतो ते मला अजून कळलेलं नाही, पण सुटतो. माणसाचा हात ओढायलाच जातो, आणि ओढलं की गाठ बसते.

परातीत आता शिसं पडतं. दर वेळी नाही, पण पडतं. कसं जमलं ते सांगतो. मी आधी अंगठा रेटत होतो, नाही तर उचलत होतो. एकदा सकाळचा जप करून तसाच वावरात गेलो, आणि लक्षात आलं की मणी पुढे सारताना अंगठा जेवढा टेकतो तेवढाच इथं टेकवायचा आहे. मणी दाबला तर सरकत नाही, सोडला तर माळ हातातून जाते. शिसं खाली यायला लागलं की मेरुमण्याशी थांबतो तसं थांबायचं. डाव्या हाताचा जप रुजू झाला की नाही ठाऊक नाही, पण या कामी आला. हे गावात कोणाला बोललो नाही. तुला सांगतो.

पण बांधावरची गोष्ट वेगळी आणि काठावरची वेगळी. वावरात शिसं परातीत पडतं, इथं पाण्यावर तेच भलतीकडे जातं. धरण भरलं आहे. सांडव्यावरून पाणी पडू लागलं. वारा सुटला की तराफा खालच्या अंगाला ओढ घेतो, नाडा धनुष्यासारखा वाकतो आणि बाभळीच्या बुंध्याशी कुरकुरतो. तो आवाज मला जेवताना ऐकू येतो, भजनात ऐकू येतो. घासला जातो तिथं मी रोज हात फिरवून बघतो, गोणपाट गुंडाळतो. मधल्या पाण्यावरचा भाग कोण बघणार? नवा नाडा पाहिजे म्हणून सांगितलं आहे. आणायचा आहे, असं सगळेच म्हणतात.

कोकिळाला म्हणालो, पाणी उतरेपर्यंत रजा टाक. ती पिशवीत खाऊची पाकिटं भरत होती. म्हणाली, "मी रजेवर गेले तं लेकरायनं काय खावं? तुमचं शिसं?" मी म्हटलं, वस्तीवरच राहा मग. "अन् तुमाले भाकर कोण देईन? तुमाले तं भात बी लागून जाते." मग माझ्याकडे बघून पिशवी खाली ठेवली. म्हणाली, "काऊन एवढे भेता? पाणी काय आज पाह्यलं का?"

मी पिशवी उचलून तिच्या हातात दिली. तुला लिहितो. मला भीती वाटते, रंगा. पंढरीनाथाचं नाव इतकी वर्षं घेऊन माणसाची भीती जाते म्हणतात. माझी गेली नाही. देवाकडे काही मागू नये, जे देईल ते घ्यावं, असं मी दुसऱ्यांना सांगत आलो. आता रोज सकाळी काठावर उभा राहून मागतो. एवढी एक खेप पलीकडे जाऊ दे. दुपारी पुन्हा, एवढी एक अलीकडे येऊ दे. भिकाऱ्यासारखा.

शेवटी एक तेवढं तिच्याकडून घोटवून घेतलं. तराफ्याच्या फळीत मी एक खुंट ठोकला आहे. शिसं तराफ्यावरून पलीकडे पडेल, दोरा आडवा येईल. तो हाताला गुंडाळायचा नाही, बोटं कापून निघतील. खुंटाला वेढे द्यायचे. तिनं करून दाखवलं आणि म्हणाली, "झालं समाधान? आता शिसं माह्या डोक्यात नका घालू म्हंजे झालं."

ते डोक्यात लागेल ही भीतीही आता आहेच.

दादा


चिंचखेड, १० ऑक्टोबर

चि. रंगराव,

अक्षर माझं नाही. मी सांगतो आहे आणि कोकिळा लिहिते आहे. त्यावरूनच तुला अर्धं कळलं असेल. ती आहे.

मंगळवारी दुपारी परतताना नाडा तुटला. बाभळीपाशी नाही, मी जपलेल्या जागी नाही. मध्ये, पाण्यावर. तराफ्यावर कोकिळा आणि गावातल्या म्हाताऱ्या अंबूबाई, त्यांना नातवाकडून परत आणत होती. वारा खालच्या अंगाला लोटणारा. नाडा तुटल्याचा आवाजही आला नाही. वाकलेला होता तो एकदम ढिला पडला आणि तराफा फिरला.

मी ओरडलो. वावरातले लोक धावले, पण ते लांब होते. काठी माझ्या हातात होतीच, ती असतेच. टाकलं. भीतीनं सगळा जोर लावून टाकलं आणि अंगठा विसरलो. फिरकीचा गुंता झाला, शिसं हिसका बसून जवळच पडलं. मागच्या वर्षीसारखं. कोकिळा माझ्याकडे पाहत होती. ओरडत नव्हती. नारायणरावही ओरडले नव्हते.

मी दोरा ओढणार होतो. बोटं दोऱ्यावर गेलीही होती. तुझी ओळ आठवली म्हणून थांबलो. अंगठा दाबून धरला, मूठ थोडी फिरवली, सोडलं. सुटला. एका ठिकाणी अडला, पुन्हा तसंच केलं, तोही सुटला. एवढा वेळ तराफा सांडव्याकडे चालला होता आणि मी मान खाली घालून फिरकीकडे बघत होतो. वर बघितलं असतं तर हात चालला नसता.

मग टाकलं. पुढे जाणाऱ्या तराफ्याच्या पुढे टाकलं. अंगठा मण्यावर असतो तसा होता. शिसं अंबूबाईंच्या डोक्यावरून गेलं आणि दोरा फळीवर आडवा आला. कोकिळानं खुंटाला वेढे दिले.

पण ओढ माझ्या अंदाजापेक्षा फार होती. रीलची चांदणीसारखी चकती घट्ट आवळली तरी दोरा निघतच होता. फिरकीचा तळ दिसायला लागला. दोरा संपला असता तर गाठीशी तुटला असता. म्हणून मी अंगठा दाबला. काठी बाभळीला टेकवली, पाय मुळात अडकवले आणि दाबून धरला. तराफा थांबला. पूर्ण नाही, पण काठाकडे वळला. लोक नाडा घेऊन आले, एकजण पोहत गेला, बांधला, ओढला. मी सोडलं नव्हतं. सोडा, सोडा, म्हणत होते. मला सोडता येत नव्हतं.

अंबूबाईंनी काठावर उतरून आधी अंगावरचं पाणी झटकलं. मग मला म्हणाल्या, "बापू, एक मासा धरला बाप्पा तुमी जल्मात, अन् तोही म्हातारा."

अंगठ्याचं चामडं गेलं आहे, टाके आहेत. बाकी ठीक.

रील मी धुऊन, पुसून ठेवलं. तुझं रील होतं म्हणून. एवढंच सांगायचं होतं.

दादा


भाऊजी, नमस्कार. हे देवळात गेले. आता पुढचं माह्यं मी लिहून राह्यले, यायले सांगितलेलं नाही.

चामडं नाही गेलं फक्त. दोरा आत हाडापर्यंत उतरला होता. डाक्टर म्हणे, वाकते की नाही ते टाके निघाल्यावर पाहू, तोवर काहीच धरू नका. हे म्हणतात ठीक आहे. जप चालू आहे, नुसत्या तोंडानं. माळ मांडीवर ठेवतात अन् तिच्याकडे पाह्यत राह्यतात. उजवा गेला तेव्हा बी हे ठीकच होते म्हणे. तवा मी या घरात आले नव्हते. पण तुमाले तं माहीत असन.

एक गोष्ट तुमाले सांगते, यायले सांगू नका. मलेही भेव वाटते. नारायणराव गेले तेव्हापासून रोज वाटते. बोलले असते तं यायनं मले घराबाहेर पडू देलं नसतं. म्हणून मी हसत जाते अन् हे काठावर उभे राह्यतात. मंगळवारी तराफा फिरला तेव्हा मी देवाकडे नाही पाह्यलं. यायच्या हाताकडे पाह्यलं. मान खाली घालून गुंता सोडवत होते, अन् मले वाटलं, सुटीन. घाई करत नाहीत म्हंजे सुटीन.

नवा नाडा आला. शनिवारी बांधतात. सोमवारी मी वस्तीवर जाणार, लेकरं वाट पाह्यतात. काठावर रील घेऊन कोणीतरी उभं पाह्यजे. गावातल्या चार जणायनं हातात घेऊन पाह्यलं, सगळ्यायनं गुंता करून ठेवला. हे म्हणतात, मी उभा राहीन, नुसताच. नुसते उभे राहून काय करतीन? पाह्यतीन अन् भेतीन.

खामगावहून पिंपळगावची गाडी सकाळी हाय, तिथून कोणीही आणून सोडते. मूठ उजवीकडे हाय, ती तुमाले चालन की नाही मले ठाऊक नाही. पण तुमचे दोन्ही अंगठे शाबूत हायत, भाऊजी.

कोकिळा